आठ कोऱ्या चौकटी

सोळा ऑक्टोबर. सरासरी वार्षिक खर्च सत्त्याऐंशी लाख सहा हजार पाचशे.

हा आकडा पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत बसला तेव्हा दुपारचे जेवण व्हायचे होते. गोषवाऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला, पान हातभर लांब धरले आणि वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली. पान देखणे दिसत होते. त्याने ते साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि हात धुवायला गेला.

त्याचे खरे नाव हजेरीपुस्तकात आणि पगाराच्या चिठ्ठीवर होते. ऑफिसात तो गोषवाराच. एका मोठ्या रुग्णालयाच्या नियोजन विभागात त्याची नोकरी होती. मॉडेल बनवणारे लोक वेगळे, त्याच्यापेक्षा जास्त शिकलेले. नवे यंत्र घ्यावे की नको, वॉर्ड वाढवावा की बंद करावा, याचा दहा-बारा वर्षांचा हिशेब ते मांडत. आडवी वर्षे, उभी खर्चाची कलमे, आणि एकाला दुसरे बांधलेली चाळीस-चाळीस पाने. ती पाने कोणी वाचत नसे. समितीपुढे जायचे ते एकच पान, आणि ते पान गोषवाऱ्याचे. बेरजा, सरासऱ्या, खाली दोन ओळींत अर्थ. बी.कॉम. झाल्या झाल्या तो या कामाला चिकटला आणि केस पिकले तरी त्याच्या बेरजेवर कोणी बोट ठेवले नव्हते. प्रत्येक बेरीज तो दोनदा करी, एकदा आडवी, एकदा उभी. दोन्ही कडा जुळल्या की इतरांना मुलांच्या निकालाचे व्हावे तसे समाधान त्याला होई. त्याला मूलबाळ नव्हते.

विभागाची एक जुनी रीत होती. पानावर शून्य दिसू द्यायचे नाही. आधीच्या साहेबांना शून्यांचा तिटकारा. "कागदावर माश्या बसल्यासारख्या दिसतात," म्हणायचे. ते साहेब निवृत्त होऊन गेले, रीत मागे राहिली. ज्या वर्षी एखाद्या कलमावर काहीच खर्च नसेल, त्या वर्षाची चौकट गोषवारा कोरी करून टाकी. आकडेमोड हाताने होती तोवर त्याने काही बिघडत नव्हते. बेरजेला वर्षांनी भागले की झाली सरासरी. पण आदल्या वर्षी विभागात संगणकावर नवी तयार शीट आली होती, सरासरीचा फॉर्म्युला आतच बसवलेला. हा फॉर्म्युला वर्षे मोजत नाही, भरलेल्या चौकटी मोजतो. चौकटीत शून्य लिहिले असेल तर ते वर्ष धरतो, कोरी असेल तर वगळतो. गोषवाऱ्याला हे ठाऊक नव्हते. बहुतेक कलमांवर दरवर्षी काही ना काही खर्च असतोच, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. पुढे जे झाले ते सगळे एवढ्याशा गोष्टीतून झाले, म्हणून ती इथेच सांगून टाकलेली बरी.

त्या दिवशीचे पान रुग्णालयाच्या लॉन्ड्रीचे होते. चादरी, गाउन, ऑपरेशनची हिरवी कापडे रुग्णालयाने स्वतः धुवावीत की बाहेरच्या कंपनीला कंत्राट द्यावे, हा प्रश्न. मागची सहा आणि पुढची सहा अशी बारा वर्षे आजच्या किमतीने मांडली होती. कलमे तीनच: पगार, इंधन-पाणी-साबण, आणि बॉयलरची मोठी दुरुस्ती. दुरुस्ती तीन वर्षांतून एकदा, दर खेपेस अठरा लाख. म्हणजे चार चौकटी भरलेल्या आणि आठ कोऱ्या. फॉर्म्युल्याने त्या चारांची सरासरी काढली आणि पानावर आले, दरवर्षी अठरा लाख. खरी सरासरी होती सहा लाख. बारा लाख कुठून तरी हवेतून आले आणि तळाच्या आकड्यात जाऊन बसले. बाहेरच्या कंपनीचा वार्षिक दर होता एकोणऐंशी लाख साठ हजार. पान पाहणाऱ्याला विचार करायला जागाच उरली नाही.

पानावर बारा वर्षांची बेरीज असती तर कोणाला तरी खटकले असते. पण साहेबांनी आधीच सांगितले होते, "एकूण आकडा नको. समिती घाबरते. सरासरीच द्या."

आता बॉयलरवर कोण होता, हेही सांगायला हवे. बॉयलरवर गोषवाऱ्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून बायकोनेच त्याला वाढवलेला. लॉन्ड्रीत त्याला वाफ्या म्हणत. सडपातळ, कानशिलावर जुन्या भाजल्याचा डाग, आणि बोलायला लागला की समोरच्याला हसू आवरायचे नाही. पण बॉयलरच्या बाबतीत तो हसण्यावारी काही नेत नसे. रोज सकाळी तळाचा गाळ सोडायचा, पाण्याचा खारेपणा तपासायचा, झडपांना स्वतःच्या हाताने तेल द्यायचे. तसलाच बॉयलर दुसरीकडे वर्षाआड उघडावा लागे. याचा तीन वर्षे चाले. मधल्या वर्षांत त्याच्यावर काही खर्च होत नसे, कारण हा होऊ देत नसे.

रविवारी तो बहिणीकडे जेवायला येई.

"काय दाजी, या आठवड्यात किती पानांचं एक पान केलंत?"

"चाळीस."

"म्हणजे एकोणचाळीस पानांचा जीव घेतलात."

"आणि तू काय करतोस? पाणी तापवतोस."

"तापवतो, पण अख्ख्या रुग्णालयाला कपडे घालतो. तुमचं पान अंगावर ओढून कोणी झोपतं का सांगा."

"दोघंही गप जेवा," बायको म्हणायची. "ताटात आकडेही नकोत आणि वाफही नको."

लॉन्ड्रीचे काम टेबलावर आले तेव्हा गोषवाऱ्याने हे मेहुण्याच्या कानावर घातले होते. "आकडे माझ्या हातात नसतात. मी नुसती बेरीज मारतो."

"मारा की. आमच्यात लपवण्यासारखं आहे काय?"

नोव्हेंबरात समितीचा ठराव झाला. कंत्राट द्यायचे, लॉन्ड्री बंद करायची. रुग्णालयाच्या प्रशासकांनी लॉन्ड्रीच्या अंगणात सगळ्यांना जमवले, ओल्या चादरींच्या ढकलगाड्या बाजूला सारायला लावल्या, आणि ते पान वाचून दाखवले. माणूस वाईट नव्हता. निर्णय का झाला हे लोकांना कळावे, एवढाच त्याचा हेतू. "बॉयलरच्या मोठ्या दुरुस्तीवर सरासरी दरवर्षी अठरा लाख," त्याने वाचले, "हे आपल्याला परवडणारं नाही."

लोक मेहुण्याकडे पाहू लागले.

"वाफ्या, दरवर्षी?" घड्या घालणाऱ्या बायकांची मुकादमीण म्हणाली. "आम्हाला तर फिटर तीन वर्षांतून एकदा दिसतात."

"तेच तर. मधे कुठे काय दुरुस्ती झालीय?"

"मग बाकीचे पैसे जिरले कुठे?"

"वाफ झाली," मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. मेहुणाही हसला.

चार दिवसांनी त्यात हसण्यासारखे काही उरले नाही. नोकरी गेलेल्या माणसाला कोणावर तरी खापर फोडायचे असते. समिती दिसत नव्हती, कंत्राटदार दिसत नव्हता, वाफ्या रोज समोर दिसत होता. ज्यांच्या डब्यातले त्याने वर्षानुवर्षे खाल्ले, त्यांनी डबा उघडताना पाठ फिरवायला सुरुवात केली. त्याच्या लॉकरवर कोणीतरी खडूने अठरा लिहून ठेवले. त्याने पुसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. मग वरून पत्र आले: मागच्या सहा वर्षांतल्या सर्व मोठ्या दुरुस्त्यांच्या नोंदी सादर कराव्यात. त्याने दोन सादर केल्या. बाकी चार वर्षांच्या कुठे आहेत, असा प्रश्न आला. दुरुस्ती झालीच नाही तर नोंद कशाची, असे त्याने लिहून दिले. पान तर दरवर्षी म्हणते, असे उत्तर आले. जुनी बिले काढून पाहा, अशी विनंती त्याने केली. हिशेब शाखेने कळवले की जुनी बिले गोदामात आहेत, काढायला तीन-चार महिने लागतील, आणि तोवर त्याच्या फंडाचे पैसे सोडता येणार नाहीत.

हे सगळे गोषवाऱ्याला बायकोकडून कळले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "त्याने पैसे खाल्ले म्हणतायत लोक," ती म्हणाली. "तुमच्या पानात तसं लिहिलंय म्हणतायत."

"पानात कोणी खाल्ले असं नसतं लिहिलेलं. पानात खर्च असतो."

"मग तो खर्च चुकीचा असेल."

गोषवाऱ्याने बॅगेतून पानाची स्वतःची प्रत काढली, पाठीमागे पेन्सिलीने तिन्ही सरासऱ्या एकाखाली एक मांडल्या आणि बेरीज केली. अठ्ठेचाळीस लाख बारा हजार, वीस लाख चौऱ्याण्णव हजार पाचशे, अठरा लाख. सत्त्याऐंशी लाख सहा हजार पाचशे. जुळले. खालून वर केली, तरी जुळले. मोठी शीट उघडावी असे काही त्याच्या मनात आले नाही. पान चुकलेले नव्हते, तेव्हा दुसरे काहीतरी चुकलेले असणार, आणि दुसरे म्हणजे एकच माणूस होता. इतक्या वर्षांची शिस्त त्याला सरळ नाकासमोर तिथवर घेऊन गेली.

त्या रविवारी मेहुणा जेवायला आला. दाढी वाढलेली, बोलणे कमी. अर्धे जेवण झाल्यावर गोषवाऱ्याने अगदी हळू आवाजात विषय काढला. त्याला वाटत होते की आपण फार समजूतदारपणे बोलतो आहोत.

"हे बघ, काही असेल तर माझ्यापाशी बोल. मी परका नाही. आपण मार्ग काढू."

"काय असेल, दाजी?"

"मधल्या वर्षांचे पैसे. कोणाच्या दबावाखाली, कुठे सही केली असशील. होतं असं."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिले. ती ताटाकडे पाहत होती.

"तुम्हाला असं वाटतं?"

"मला काय वाटतं याला अर्थ नाही. पान म्हणतंय."

मेहुण्याने उरलेले जेवण संपवले. टाकून उठला असता तर बरे झाले असते, असे बायको नंतर म्हणाली. त्याने एकेक घास खाल्ला, ताट स्वतः धुऊन ठेवले, "ताई, येतो," म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो त्या घरी आला नाही.

डिसेंबरअखेर त्याने एका कागदावर सही केली. चार वर्षांच्या दुरुस्त्यांच्या नोंदी ठेवण्यात माझ्याकडून हयगय झाली, हे मला मान्य आहे. पैशांचा त्यात उल्लेख नव्हता, एवढी प्रशासकांनी मेहेरबानी केली. सही झाली, चौकशी मिटली, फंडाचे पैसे सुटले. घरभाडे थकले होते, पोरीची शाळेची फी थकली होती. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. जानेवारीत बॉयलर गॅसने कापून भंगारात काढला. ते तुकडे ट्रकवर चढताना मेहुणा फाटकाबाहेर उभा होता, असे मुकादमीण कोणाला तरी सांगत होती.

फेब्रुवारीत समितीचे अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांना सरासरीचा भरवसा नव्हता. त्यांनी सांगितले, मागच्या वर्षाच्या सर्व प्रकल्पांच्या एकूण बेरजा मला एका पानावर द्या. गोषवारा कामाला लागला. लॉन्ड्रीची पाळी आली, त्याने मोठी शीट उघडली आणि बारा वर्षांची बेरीज उतरवून घेतली: नऊ कोटी अठ्ठ्याहत्तर हजार. मग, काही कारण नसताना, जुन्या सवयीने त्याचा हात टेबलावरच्या कॅल्क्युलेटरकडे गेला आणि त्याने बेरजेला बारांनी भागले. पंचाहत्तर लाख सहा हजार पाचशे.

आकडा दाबताना चुकलो, असे त्याला वाटले. त्याने पुन्हा भागले. मग दुरुस्तीची ओळ पडद्यावर आणली. चार आकडे, आणि मधे मधे पांढऱ्या चौकटी. त्या त्याने स्वतः पांढऱ्या केल्या होत्या. एका कोऱ्या चौकटीत त्याने शून्य टाकले. सरासरी अठरावरून खाली घसरली. दुसरीत टाकले, आणखी घसरली. आठवे शून्य टाकले तेव्हा ती सहा लाखांवर येऊन थांबली. शेजारचा टंकलेखक चहाला चला म्हणत होता. गोषवाऱ्याला ते ऐकू आले नाही.

लॉन्ड्री बाहेरच्या कंपनीपेक्षा दरवर्षी साडेचार लाखांनी स्वस्त होती.

साहेबांनी सगळे नीट ऐकून घेतले. दार लावून घ्यायला सांगितले, पाणी दिले.

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला माहीत आहे."

"शुद्धिपत्र काढायला हवं, साहेब."

"कशाचं? लॉन्ड्रीच उरली नाही. आता सरासरी कोणाची दुरुस्त करणार?"

"एका माणसाचं नाव गेलं आहे."

"तुमचे मेहुणे ना ते?" साहेब म्हणाले. "मग तर तुम्ही बोलूच नका. तुम्हीच पान केलंत आणि तुम्हीच आता ते चुकलं म्हणता, तेही मेहुण्यासाठी. लोक काय म्हणतील, विचार करा. निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

गोषवारा तरीही प्रशासकांच्या कार्यालयात गेला. त्याच्या बाजूने सांगण्यासारखी ही एवढीच गोष्ट आहे. तिथल्या कारकुनाने फाइल काढली, कबुलीचा कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"यांनी स्वतःच मान्य केलंय. दुरुस्त्या झाल्या आणि नोंदी ठेवल्या नाहीत."

"दुरुस्त्या झाल्याच नव्हत्या."

"मग यांनी खोटं लिहून दिलं असं होतं. त्याची वेगळी चौकशी लागेल. लावायची का?"

गोषवारा म्हणाला, नको.

घरी त्याने बायकोला सांगितले. चौकटी, शून्ये, फॉर्म्युला, सगळे क्रमाने सांगितले, जसे समितीला समजावतात तसे. तिने मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "यंत्र चुकलं ते कळलं मला."

"यंत्र नाही, मीच..."

"ते राहू द्या. तुम्ही त्याला माझ्यासमोर विचारलंत. मी वाढलेल्या ताटावर. आणि मी गप्प बसले." ती उठून आतल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी गरजेपुरते बोलते. भांडण नाही, अबोला नाही. दूध आणायचं आहे, दिव्याचं बिल आलंय, एवढेच.

मेहुणा एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर पावत्या फाडायच्या कामाला लागला होता. गोषवारा स्कूटर घेऊन तिथे गेला. ऊन रणरणत होते. मेहुण्याच्या अंगात कंत्राटदाराचा निळा अंगरखा होता, खांद्याला पैशांची पिशवी. त्याने भावोजींना पाहिले, पावती फाडली, हँडलला अडकवली, आणि मग म्हणाला, "बोला दाजी."

मधे गाड्या येत होत्या, त्याला जावे लागत होते, परत येऊन तो "हं" म्हणायचा आणि गोषवारा पुढे सुरू करायचा. असे चार-पाच तुकड्यांत सांगून झाले.

"म्हणजे कोऱ्या चौकटी," मेहुणा म्हणाला, "ज्या वर्षी मी काही बिघडू दिलं नाही, ती वर्षं?"

"हो."

"ती धरलीच नाहीत."

"नाही धरली."

मेहुण्याने मान हलवली. एका गाडीला मागे घ्यायला हात दाखवला. "लॉन्ड्रीतल्या लोकांना सांगाल?"

"सांगतो. एकेकाच्या घरी जाऊन सांगतो."

"आता कोण कुठे, काय माहीत. मुकादमीण तर मुलाकडे निघून गेली." त्याने पुढची पावती फाडली. "आणि सही तर माझीच आहे ना, दाजी. पोरीनं विचारलं होतं, बाबा, हयगय म्हणजे काय."

"घरी ये. तुझ्या ताईची अवस्था बघवत नाही. तुझा राग मी समजू शकतो."

"राग नाही. राग असता तर आलो असतो. भांडलो असतो, तुमच्याच ताटातलं ओढून खाल्लं असतं." तो हे नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाला, पण चेहरा हलला नाही. "ताईला सांगा, बरा आहे."

गोषवाऱ्याने स्कूटर काढली. वाहनतळाचे वीस झाले होते. त्याच्या खिशात पाचशेची नोट होती आणि मेहुण्याच्या पिशवीत तेवढे सुटे नव्हते.

"राहू द्या, मी भरतो," मेहुणा म्हणाला. "पावती फाटलीय, संध्याकाळी हिशेब द्यावा लागतो." आणि त्याने स्वतःच्या शर्टाच्या खिशातून दोन दहाच्या नोटा काढून पिशवीत टाकल्या.

पुढच्या आठवड्यात गोषवारा सुटे घेऊन गेला तेव्हा तिथे दुसराच माणूस होता. कंत्राटदाराने मेहुण्याला लांब कुठल्या तरी जागी हलवले होते. कुठे, ते त्या माणसाला माहीत नव्हते. फोन वाजतो, उचलला जात नाही. खोलीला कुलूप आहे.

मेहुण्याचे वीस अजून द्यायचे आहेत.